आरशामागं गेलेली मान

सांगणार नव्हतो. सांगायला बसलं की निम्मे मोबाईलमध्ये! पण जिमला जाणारी ही मंडळी माना आखडून, खांदे कानाला चिकटवून माझ्याच तालमीच्या ओट्यावर विव्हळत बसतात अन् वर म्हणतात, "आबा, गोष्ट सांगा." ऐका मग मुकाट्यानं.

आडगेवाडी संस्थानचा राजा भुजंगराव याची मान अडकली! उजवीकडं वळली ती तिकडंच. राजवाड्याच्या चौकात रोज गदेसारखे जड लाकडी मुद्गल फिरवायचा, अन् उजव्या हाताला उभा केलेला पुरुषभर उंच आरसा. मुद्गल फिरवताना नजर समोर पाहिजे. हा बहाद्दर आरशात स्वतःचा दंड बघत बसायचा! खांदे वर, मान वाकडी, हातात हे एवढं वजन. आखडेल नाही तर काय?

दरबारी त्याहून गाढव. राजाची मान उजवीकडं, म्हणून तेही उजवीकडं माना करून हिंडू लागले. दिवाण खांबावर आदळला, अन् कपाळावरचं टेंगूळ चोळत म्हणतो, "वा! काय सुरेख खांब आहे!"

राजानं तालमीच्या वस्तादाला, येसबाला बोलावलं.

"मान सरळ कर! पण मानेला हात लावायचा नाही. लेप नको, शेक नको. मुद्गल मी सोडणार नाही. 'इकडं बघा, तिकडं बघा' असं मला शिकवायचंही नाही. पुनवेपर्यंत जमलं नाही, तर तालमीवर नांगर फिरवीन आणि तुझी गाढवावरून धिंड काढीन!"

येसबा घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची लेक राही ताक घुसळत होती. सगळं ऐकून ती फस्सकन हसली.

"बाबा, मानेला हात लावायचा नाही ना? मग नाही लावायचा! उद्या मला संगं न्या."

दुसऱ्या दिवशी चौकात जाऊन तिनं मुजरा केला. "सरकार, आरसा धुरकटलाय. त्यात दंड बारीक दिसतोय."

"बारीक?" राजा किंचाळला. "पूस! रोज पूस!"

राही रोज पहाटे आरसा पुसायची, अन् पुसता पुसता जरासा डावीकडं सरकवायची. दंड दिसायला हवा म्हणून राजाची मान तेवढीच आरशाच्या मागं मागं यायची. एकदा ती म्हणाली, "सरकार, खांदे एवढे वर घेता, गळ्यातला मोत्यांचा कंठा दिसतच नाही की!" झालं! खांदे धाडकन खाली. आरसा समोरून पार डाव्या हाताला गेला. मग तिनं तो भिंतीला तिरपा टेकवला. मांड्या बघायला राजा मानही खाली घालायला लागला. आधी "आई गं!" ओरडायचा, मग नुसता कण्हायचा, मग तेही विसरला.

पुनवेला दरबार भरला. राजानं मान उजवीकडं वळवली, डावीकडं वळवली, वर केली, खाली केली. मग एकदम गरजला, "येसबा! माझ्या मानेला कुणी हात लावला?"

राही पुढं झाली.

"कुणीच नाही, सरकार. आम्ही आरशाला हात लावला."

"आरशाला? मग मान कशी वळली?"

"सरकारांची मान वैद्याचं ऐकत नाही, वस्तादाचं ऐकत नाही. सरकारांचं रूप जिथं दिसेल, तिथं मात्र आपसूक जाते!"

दिवाणानं डोळे मिटून घेतले. अन् राजा मान मागं टाकून असा हसला, असा हसला की पगडी घरंगळली!

"माग, पोरी! काय देऊ?"

"आरसाच द्या, सरकार. म्हंजे उद्यापासून समोर बघाल!"

राजा पुन्हा खदखदला. आरसा दिला, वर तालमीला दुभती म्हैस दिली.

झाली गोष्ट, उठा. माझ्या तालमीच्या मातीला चिखल म्हणणाऱ्यानं अजून माफी मागितलेली नाही. नाव सांगू? हा इथंच बसलाय मान धरून, बबन खराडे!