बाळाक्काचे मासे

फार वर्षांपूर्वी, हरणोळीच्या नदीला पूल नव्हता आणि पोरांच्या पायांत चपला नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. सुगी संपली की हरणोळीची पोरं नदीच्या वाळूत हुतूतू खेळायची. आणि हुतूतू म्हटला की पाय मुरगळायचे, घोटे सुजायचे, कुणाची टाच फुटायची. पण हरणोळीत कुणी लंगडा राहिला नाही. कारण हरणोळीत बाळाक्का होती.

बाळाक्का धनगराची लेक. मेंढरांचे मोडलेले पाय बसवता बसवता ती माणसांचे पाय बसवायला शिकली. असं म्हणतात, की ती घरात पाठ करून बसलेली असायची आणि अंगणात वाजलेल्या पावलावरून सांगायची, "डावा घोटा. आतल्या बाजूनं. ये, बस." निर्गुडीच्या पाल्याचा शेक, आंबेहळदीचा लेप, वर एरंडाचं पान आणि बांबूच्या कांबी. एवढं तर कुणीही करील. पण कांबी सुटल्यावर बाळाक्का पोराला नदीत उभं करायची. गुडघाभर पाण्यात, दुखऱ्या पायावर, एकट्याच पायावर. कुठवर? तर मासे येईपर्यंत.

पाय कापत असला की पाणी कापतं, आणि पाणी कापलं की मासे येत नाहीत. पाय खांबासारखा थिर झाला की बारके मासे येऊन बोटं टोचू लागतात. मग तो पाय खेळायला मोकळा.

पहिल्यांदा पोरं हसली. "अक्का, आम्ही काय बगळे हाय व्हय?"

"बगळ्याला कधी लंगडताना बघितलंस का?" अक्का म्हणाली.

मग कुणी हसलं नाही. लांबलांबची पोरं यायला लागली. गावात कुणी कुणाला 'पाय बरा झाला का' असं विचारीनासं झालं. विचारायचे, "मासे आले का?"

अक्काचा धाकटा भाऊ मायाप्पा. आई-बाप लवकर गेलेले, अक्कानंच त्याला वाढवलेला. हुतूतूत असा चपळ, की चढाईला गेला की समोरच्यांना वारा लागायचा, माणूस दिसायचा नाही. पण डोकं गरम आणि धीर कशाचाच नाही. बिरोबाच्या जत्रेला हरणोळी आणि तांबवाडीचा डाव रंगायचा. जिंकेल त्या गावाच्या पोरांनी देवाची पालखी आधी उचलायची. त्या वर्षी जत्रेला महिना उरला होता आणि मायाप्पाचा उजवा घोटा मुरगळला.

अक्कानं शेकलं, बांधलं, सोडलं, नदीत उभं केलं. मायाप्पा रोज उभा राहिला. मासे आले नाहीत. जत्रेची सकाळ उजाडली तरी आले नाहीत. तेव्हा मायाप्पानं काय केलं? शिळ्या भाकरीचा चुरा बोटांच्या फटींत दाबून भरला आणि पाण्यात उतरला.

"अक्का! मासे आले!"

अक्कानं काठावरून बघितलं. मासे खरंच आले होते. तिचा चेहरा फुलला. "जा. खेळ," ती म्हणाली.

तिसऱ्या चढाईला वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तांबवाडीनं पालखी उचलली. मायाप्पाला घोंगडीत घालून घरी आणलं. अक्कानं त्याचा पाय मांडीवर घेतला, धुतला, बांधला. एक शब्द बोलली नाही.

गाव मात्र बोललं. "बाळाक्काची नदी खोटी. सख्ख्या भावाचा पाय मोडला, आपली काय कथा?" अंगणात पावलं वाजेनाशी झाली. निर्गुडीचा पाला टोपलीतच वाळून गेला. मायाप्पा सगळं ऐकत होता, पण चुऱ्याचं कुणाला सांगत नव्हता. अक्का त्याला भाकरी वाढायची, तर ती भाकरी ताटात तशीच राहायची.

कांबी सुटल्या. मायाप्पा पुन्हा नदीत उभा राहिला. पाय खांबासारखा थिर, तरी मासे येईनात. दोन महिने गेले, चार गेले. शेवटी एका सकाळी तो पाण्यातूनच ओरडला, "अक्का, मी चुरा भरला होता गं! बोटांत! भाकरीचा!"

काठावर अक्का लोकर विंचरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक हाय. पाय धुताना निघाला की."

"मग इतके महिने बोलली का न्हाईस? लोकं तुला नावं ठेवत होती!"

"मोडलेल्या पायावर आणखी वजन टाकायचं नसतं, मायाप्पा."

असं म्हणतात, की त्याच घडीला मासे आले. दोन-चार नव्हे, एवढे आले की पाणी चांदीसारखं लखलखलं आणि मायाप्पाची पोटरी दिसेनाशी झाली.

पुढच्या जत्रेत डावाआधी मायाप्पा मधल्या रेघेवर उभा राहिला आणि दोन्ही गावांसमोर म्हणाला, "नदी खोटी नव्हती. मी खोटा होतो. बोटांत भाकरीचा चुरा भरला होता." तांबवाडीची पोरं फिदीफिदी हसली. "अरे, आज बोटांत काय भरलंय? शिरा?"

मग तो चढाईला गेला. पाच जणांनी त्याचा तोच पाय धरला. पाचही जणांना ओढत, दम न सोडता, त्यानं रेघेला हात लावला. वाळूत पडलेला तो चर पुढच्या पुरापर्यंत बुजला नाही. पालखी हरणोळीनं उचलली, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत अक्काच्या अंगणात अकरा लंगडे बसले होते.

त्याच वर्षी पावसाळ्यात तापाची साथ आली आणि बाळाक्का गेली. तिचं वय होतं का जायचं? नव्हतं. केस काळेच होते. माती देऊन सगळे घरी गेले, मायाप्पा गेला नाही. तो नदीत जाऊन एका पायावर उभा राहिला. तीन दिवस, तीन रात्री. तो हुंदक्यांनी गदगदत होता, पाणी कापत होतं, आणि तरीही मासे आले. कापत्या पायाला मासे आलेले नदीनं तेवढं एकदाच पाहिलं.

मग मायाप्पानं डोळे पुसले, घरी जाऊन निर्गुडीचा पाला तोडला आणि अंगणात बसला. पाठ करून.

आजही हरणोळीच्या त्या वळणावर कुणी जाळं टाकत नाही, आणि काठावर बसून कुणी भाकरी खात नाही. जत्रेच्या सकाळी खेळणारी पोरं रांगेनं पाण्यात एका पायावर उभी राहतात. तांबवाडीचीसुद्धा. आणि कुणाचा पाय मोडला, तर कांबी सुटेपर्यंत गावातलं एकही माणूस त्याला विचारत नाही, की कसा मोडला, चूक कुणाची. नवा कुणी विचारायला गेलाच, तर म्हातारी माणसं त्याचा हात धरतात आणि हळूच सांगतात, "थांब रं. आधी मासे येऊ देत."