निश्चलगिरींची चरबी

"चरबी? महाराज, तुमच्या अंगात चरबी?"

विश्वंभर हा मठाचा पट्टशिष्य. त्याला तो रिपोर्ट काही सहन होईना.

निश्चलगिरींच्या मठात उपास इतके, की तिथले उंदीरसुद्धा एकभुक्त राहायचे. मी स्वतः पाहिलंय. आणि खुद्द महाराज असे, की वारा सुटला की शिष्य त्यांच्या छाटीच्या टोकांवर दगड ठेवत.

डॉक्टर म्हणाले होते, हा लठ्ठपणाचा रोग नव्हे. क्वचित एखाद्याच्या ओटीपोटातच चरबी साठत जाते आणि लघवीच्या वाटा चेपते. त्यातच महाराजांच्या दोन्ही किडन्या गेल्या.

डायलिसिसहून आलेले महाराज खाटेवर पडून होते. खाटेच्या कडेला विश्वंभर बसलेला. दाराशी महाराजांची थोरली बहीण गोदाक्का, हातात पिशवी घेऊन उभी.

"किडनी माझी घ्या," विश्वंभर म्हणाला. "नात्यातला नसलो तरी सरकारी परवानगी मी आणतो. जग म्हणेल, शिष्य असावा तर असा!"

"अक्काचीही जुळते म्हणतात..."

"संन्याशाला बहीण कुठली? तुम्ही स्वतःचं श्राद्ध घातलंय, महाराज."

"मग मेलेल्याचं दुखतं कसं रे?"

विश्वंभरानं त्यांचं पांघरूण सारखं केलं.

महाराजांनी डोळे मिटले. "डॉक्टरांचं पुढचं ऐकलंस? आत फार दाटी आहे. नवी किडनी बसवायला, तिची नळी जोडायला जागा मिळेलच असं नाही. मिळाली तरी टिकेल याची हमी नाही. वाया जाऊ शकते."

"वाया?... माझी?"

"हो."

विश्वंभरानं उपरण्याचं टोक चाचपलं. "मग... जरा विचार करायला हवा. दान कसं, सत्कारणी लागलं पाहिजे."

महाराजांनी दाराकडे मान वळवली. "अक्के, ऐकलंस ना?"

"ऐकलं. गेली वाया तर गेली. लहानपणी माझ्या ताटातलं अर्धं उष्टं करून टाकायचास, गुंड्या, तेव्हा काय बोलले मी?"

"गुंड्या?" विश्वंभराचा आ वासला. "अहो बाई, हे..."



महाराज कण्हत कण्हत भिंतीकडे वीतभर सरकले. खाटेवर थोडी जागा झाली. विश्वंभर तिथे ऐसपैस सरकून बसला.

"तू ऊठ," महाराज म्हणाले. "अक्का मघापासून उभी आहे."