तातूनं नाव घेतलं

एका गावात एक भोळा माणूस होता. गाव आमचं, माणूस मी. लोक मला तोंडावर भोळा म्हणतात. पाठीमागे दुसरा शब्द वापरतात. तोच जास्त बरोबर आहे, असं माझी बायको शेवंता म्हणते.

आमच्या गावाच्या दोन वाड्या, वरची आणि खालची. मधून व्हाळ, म्हणजे ओढा, जातो. बाजार, शाळा, दवाखाना सगळं वरच्या वाडीत. व्हाळाला पाणी चढलं की आम्ही खालचे अलीकडे अडकलो. शेवंता डोक्यावर भाजीची पाटी घेऊन हा व्हाळ ओलांडते. गेल्या आषाढात पाटी वाहून गेली. पाटीच्या मागोमाग तीही जायची, थोडक्यात वाचली. तेव्हापासून तिला एकच ध्यास. व्हाळावर साकव हवा, पायी ओलांडण्यापुरता छोटा पूल.

साकव हवा तर सरपंच आपला हवा. पण सरपंच दर वेळी वरच्या वाडीचा. कारण वरची वाडी एक उमेदवार उभा करते आणि खालची दोन. आम्ही संख्येनं जास्त आहोत, पण अकलेनं नाही.

यंदा दाजी मेस्त्री, वाडीतले सगळ्यात जुने जाणते, म्हणाले, "आदी आपल्यात एक कोण ता ठरवया. मगे वरच्यांका बघूया." इच्छुक दोघे होते, आप्पा परब आणि भाई राऊळ. घरं मोजली. निम्मी आप्पाची, निम्मी भाईची. एक घर उरलं, ते माझं. रविवारी देवळात बैठक होती. मी ज्याला पाठिंबा देईन तो वाडीचा उमेदवार. हे काम वाडीनं माझ्यावर सोपवलं, यावरून वाडीची कल्पना यावी.

आप्पा त्याच संध्याकाळी आला. म्हणाला, "तातू, माझ्या पाठीशी उभो रव."

मी म्हटलं, "रवतंय."

सकाळी उजाडताच जाऊन उभा राहिलो. आप्पा चहा प्यायला, मी पाठीशी. आप्पा दाढीला बसला, मी पाठीशी. आरशात एकाऐवजी दोन तोंडं दिसली आणि त्याचा वस्तरा हनुवटीवर सरकला. मग तो हातात लोटा घेऊन निघाला. मी पाठीशी. तिथून मात्र त्यानं मला दगड मारून परतवून लावलं.

शेवंता म्हणाली, "अवो, खरोखर पाठी उभ्या रवाचा नसता. माणूस काय बोलता ता शांतपणी बसान ऐकाचा असता."

मला पटलं.

दुसऱ्या दिवशी भाई राऊळ बाजारातून येत होता. व्हाळाला छातीभर पाणी होतं. मध्यावर त्याचा पाय घसरला. मी या काठावर होतो. तो बोलायला लागला तसा मी बरासा धोंडा बघून बसलो आणि शांतपणे ऐकलं. फार तळमळीनं बोलला. साकवाबद्दल बोलला, वरच्या वाडीबद्दल बोलला. पुढे पुढे माझ्याबद्दल आणि माझ्या वाडवडलांबद्दलही बोलला. एवढं पोटातून आलेलं भाषण मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी एका मुळीला धरून तो आपला आपण वर आला. भाषण त्यानं थांबवलं नाही.

शेवंतानं कपाळाला हात लावला. "अवो, माणूस खाली गेलेलो दिसलो की दोन्ही हातांनी धरून वर काढूचो. कळला?"

"कळला."

आमच्या वाडीत म्हाताऱ्या सुभद्राकाकीच्या पाया पडल्याशिवाय कोणी निवडणुकीचं नाव काढत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या अंगणावरून जात होतो. बघतो तर आप्पा खाली गेलेला. मी धावलो. काखेत हात घालून त्याला वर काढला. तो पुन्हा खाली गेला. मी पुन्हा काढला. काकीला कमी दिसतं. ती म्हणाली, "कोण तो? पाया पडूक इलो काय कवायत करूक?"

तिसऱ्यांदा आप्पा खाली गेलाच नाही. तो माझ्याकडे वळला. मी पळत घरी आलो.

शेवंतानं मला समोर बसवलं. मग मुलाला समजावतात तसं म्हणाली, "आता तुमी काय करू नकात. खय जाव नकात. रविवारी देवळात दाजींनी सांगितला की उभे रवा आणि नाव घ्या. बस."

"चारचौघांत?"

"चारचौघांतच."

मला लाज वाटली. लग्नात एकदा घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. पण तिचीच इच्छा, तर मी कोण नाही म्हणणार?

रविवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. एका खांबाला आप्पा, हनुवटीवर पट्टी लावून. दुसऱ्या खांबाला भाई, शिंकत. दोघंही माझ्याकडे बघत होते आणि दोघांच्याही बघण्यात प्रेम नव्हतं. दाजी म्हणाले, "तातू, उठ. नाव घे."

मी उठलो. टोपी सारखी केली. घसा साफ केला.

"पूर आला व्हाळाला, अडली बाजाराची गाडी,
शेवंताचं नाव घेतो, ऐक गं खालची वाडी."

आप्पा आणि भाई एकमेकांकडे बघू लागले. मग बायकांच्या बाजूनं एक टाळी आली. तिच्यामागून दुसरी आली, मग सगळ्याच वाजवू लागल्या. आप्पाची माणसं म्हणाली, भाई नसेल तर आमची हरकत नाही. भाईची म्हणाली, आप्पा नसेल तर आमचीही नाही. दाजींनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "ह्या बैठकीत व्हाळ आठवलो तो एकट्या तातूक. शेवंताच उभी रवांदे."

अशा रीतीनं खालच्या वाडीचा एकच उमेदवार ठरला. आमच्या गावात असं कधी घडलं नव्हतं आणि ते मी घडवलं होतं. मी शहाणा असल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. छान वाटतं ते.

घरी आल्यावर शेवंता लालबुंद. "आख्खी वाडी हसली माका. उभी रवतंय मी, साकवासाठी. पण परत माझा नाव घेतलात तर बघा."

"कधीच घेवचा नाय?"

"कधीच नाय."

या वेळी चूक होऊ द्यायची नाही असं मी ठरवलं. प्रचारात लोक मला विचारायचे, "तातू, मत कोणाक?" मी आभाळाकडे बघायचो. शेवंता मात्र घरोघर फिरली. वरच्या वाडीतसुद्धा फिरली. लोकांशी ती साकवाचं असं बोलायची की ऐकणाऱ्याला तो बांधलेला दिसायचा. वरच्या वाडीचा उमेदवार सावंत घाबरला, असं बाजारात म्हणत होते.

मतदानाला मी पहिला गेलो. मशीनवर दोनच नावं. एक शेवंताचं, ते घ्यायचं नव्हतं. खाली एक बटण होतं, यापैकी कोणीही नाही. तेही पटेना. दोघांनाही मी चांगला ओळखतो, कोणीही नाही असं कसं म्हणू? उरलं एक. ते दाबलं.

शेवंता एका मतानं पडली.

त्या दिवशी वाडीत कोणाला जेवण गेलं नाही. वाडीतला फितूर कोण, यावर देवळात नुसता गोंधळ. शेवंता उंबऱ्यावर बसून व्हाळाच्या दिशेनं बघत होती. मी जवळ जाऊन बसलो.

"शेवंता," मी म्हटलं, "तू जिवाक लावून घेव नको. दुसऱ्यांचा माका म्हायत नाय. मी तुझा नाव घेवक नाय."