नऊ विमानं, पाच जागा

विमानं नऊ आणि ती उभी करायला जागा पाच!

तांबडगावच्या विमानतळावर हा पेच पडला तो दोन कंपन्या एक झाल्यामुळे. दौलतराव खर्डेकरांकडे पिवळ्या शेपटीची पाच छोटी विमानं होती. त्यांच्यात दुसऱ्या कंपनीची निळ्या शेपटीची चार येऊन मिळाली. पेढे वाटून झाले, हार घालून झाले, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की विमानं उभी करायचा काँक्रीटचा चौक काही वाढलेला नाही.

त्यात दौलतरावांचा एक नियम. एकच विमान होतं तेव्हापासूनचा. संध्याकाळी विमान घरी आलं पाहिजे, आणि त्याच्या नाकावर हात ठेवल्याशिवाय दौलतराव जेवायला बसत नसत. आता नाकं नऊ झाली तरी नियम तोच. त्यांनी फर्मान काढलं: नवं काँक्रीट ओतायचं नाही, एकही विमान विकायचं नाही, तरी आठ दिवसांत नऊच्या नऊ विमानं तांबडगावात नांदली पाहिजेत. नाही जमलं तर कंपनीचं मुख्य ठाणं परराज्यातल्या मोठ्या विमानतळावर हलेल. तिथे बारा जागा तयार होत्या. तांबडगावात एकशे चाळीस माणसं कामाला होती, आणि तिकडे फार तर वीस जाणार होती.

साहेब लोकांच्या बैठकांवर बैठका झाल्या. पिवळे म्हणाले, निळी विमानं बाहेर ठेवा. निळे म्हणाले, पिवळी ठेवा. एका हुशार अधिकाऱ्याने तर मोटारसायकली लावतात तशी विमानं तिरपी लावून पाहिली, कागदावर. कागदावरही पंख एकमेकांत अडकले.

सहाव्या दिवशी दौलतरावांची बॅग घेऊन सगुणा वाघचौरे बैठकीत आली. सामानाच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर ती चालवायची. वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बॅग ठेवून ती निघाली नाही. तिथेच उभी राहून म्हणाली, विमानं आडवी लावा की तिरपी, पाचाची सहा मावणार नाहीत. पण नऊ सांभाळता येतील.

"काँक्रीट न ओतता?" दौलतरावांनी विचारलं.

"एक घमेलंसुद्धा नको, साहेब. मंगळवारचं वेळापत्रक मला करू द्या, आणि मंगळवारी दिवसभर तुम्ही वरच्या खिडकीत बसून मोजा."

अधिकारी हसले. दौलतराव हसले नाहीत. नाही जमलं तर काय, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मग कामावरून कमी करायच्या यादीत पहिलं नाव माझं घाला.

मंगळवारी दौलतराव कागद-पेन्सिल घेऊन खिडकीत बसले. पहाटे पाच विमानं उडाली आणि चौक मोकळा झाला. निळी चार अजून बाहेरगावीच होती; साडेसातला त्यांतलं लातूरचं विमान उतरलं, मागोमाग जळगावचं, गोंदियाचं, सिंधुदुर्गचं. चारही भरलेली. माणसं हातात फायली, डॉक्टरांचे कागद, लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे घेऊन उतरली. एरवी ही माणसं तांबडगावात दुपारनंतर पोचत, तोवर कचेऱ्या उठायला आलेल्या असत. मेकॅनिक एकेक विमान तपासत होते, तपासलेलं उडत होतं, दुसरं येत होतं. दौलतराव दर वेळी धावत खाली जाऊन नाकावर हात ठेवत आणि धापा टाकत वर येत. चार वाजेपर्यंत नऊ नाकं झाली. चौकात एका वेळी पाचापेक्षा जास्त विमानं एकदाही नव्हती.

सात वाजता त्यांनी पुन्हा मोजलं. पाच.

"सगुणा, माझी चार विमानं कुठे आहेत?" त्यांचा आवाज चढला.

"लातूर, जळगाव, गोंदिया, सिंधुदुर्ग. माणसांना घरी सोडायला गेलीत. उद्या साडेसातला परत येतील."

"परक्या गावात? रात्रभर? माझा नियम तुला ठाऊक नाही?"

अधिकाऱ्यांना हायसं वाटलं. अखेर कुणीतरी चुकलं होतं, आणि ते त्यांच्यातलं नव्हतं.

सगुणा शांतपणे म्हणाली, "साहेब, तुम्ही प्रत्येक भाषणात सांगता, की पहाटे सहाची एसटी होती म्हणून तुम्ही कॉलेजात पोचायचात."

"खोटं नाही ते. तीन वर्षं त्याच गाडीने गेलो. एकदाही चुकली नाही."

"तुमच्या डोंगरवाडीत डेपो होता?"

"डोंगरवाडीत? तिथे धड दुकान नव्हतं. डेपो चाळीस किलोमीटरवर."

"मग सहाला गाडी यायची कुठून?"

दौलतरावांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "मुक्कामाची गाडी होती ती. रात्री पारापाशी उभी असायची. कंडक्टर आमच्या ओट्यावर झोपायचा. आई त्याला भाकरी द्यायची."

"त्या डेपो मॅनेजरचाही तुमच्यासारखाच नियम असता तर?" सगुणाने विचारलं. "गाडी रोज रात्री डेपोत झोपली असती, आणि तुम्ही डोंगरवाडीत."

मग दौलतराव असे हसले की खिडकीची तावदानं थरथरली. ते थांबतात तोवर निळे हसू लागले, निळ्यांचं पाहून पिवळे. हसता हसताच दौलतरावांनी ठाणं हलवायचा हुकूम मागवला आणि सगळ्यांसमोर फाडला. वेळापत्रकाच्या खोलीची किल्ली सगुणाच्या हातावर ठेवली आणि वर विचारलं, आणखी काय हवं?

"वडिलांसाठी मुक्कामी विमानात खिडकीची एक जागा," ती म्हणाली. "चौतीस वर्षं ते लोकांच्या ओट्यांवर झोपलेत. आणि साहेब, दार लागल्यावर ते डबल बेलची दोरी शोधतील. त्यांना कुणी हटकायचं नाही."

"हटकतोय कोण?" दौलतराव डोळे पुसत म्हणाले. "दोरी बांधून घेतो."