हळदीचा लाल डाग

नदीकाठच्या एका गावात नागोशेट नावाचा डाळींचा व्यापारी राहत होता. त्याचे दुकान मोठे होते आणि संशय त्याहून मोठा. कुणी रामराम केला, की याला आज माझ्याकडून काय हवे असेल, असे त्याच्या मनात येई. कुणी केला नाही, तर हा माझ्यापासून काय लपवतो आहे, असे वाटे.

पुतण्याच्या हळदीला तो नवा पांढरा अंगरखा घालून गेला. तिथल्या गर्दीत कुणाचा तरी हळदीने माखलेला हात त्याच्या छातीवर पडला. घरी येऊन पाहतो तो पाचही बोटे उमटलेली.

"मुद्दामच केलंय कुणीतरी," तो बायकोला म्हणाला. चार दिवसांनी लग्नात तोच अंगरखा घालायचा होता.

गावात कोंडाबाई नावाची परटीण होती. कपड्यावरचा कसलाही डाग ती काढी. तेलकट डागावर डाळीचे पीठ पसरी, शाईचा डाग आंबट ताकात भिजवी, गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ चोळी. कुणी विचारले तर सगळे सांगूनही टाकी. नागोशेटला नेमके हेच खटके. ज्या विद्येवर पोट चालते, ती कुणी अशी वाटत सुटते का? खरी गोष्ट ही बाई मनातच ठेवत असणार.

तरी तो घाटावर गेला.

"कोंडाबाई, हळदीचा डाग कशानं जातो?"

"अंगरखा द्या ना, मी धुते."

"नको. नुसतं सांग."

"रिठ्याच्या पाण्यात धुवा. ओला असतानाच लिंबू चोळा आणि कडक उन्हात टाका. तीन दिवस असंच करा. हळद उन्हापुढे टिकत नाही. पण शेटजी, चुना, सोडा, राख यातलं काही लावू नका हं. डाग भडकेल."

परत येताना नागोशेट वाटभर विचार करत होता. लिंबाचे तिने सहज सांगितले. चुन्याचे सांगताना मात्र केवढा जोर दिला! आपला डाग निघू नये आणि अंगरखा घेऊन आपण तिच्याच दारात जावे, असा तिचा डाव असणार. म्हणजे गुण चुन्यातच आहे.

घरी येताच त्याने पाटीभर चुना मागितला.

"अहो, तिनं नको म्हटलंय ना?" बायको म्हणाली.

"तू तिच्याकडून बोलतेस की माझ्याकडून?"

ही युक्ती शेजारपाजारी कुणाला कळू नये, म्हणून त्याने भरदुपारी परसदाराला आतून कडी घातली. चुना कालवून डागावर लावला. बघता बघता पिवळी बोटे लाल झाली. घाबरून त्याने आणखी चुना घातला आणि जोराने घासले. डाग पसरला. घंगाळातले पाणी लाल झाले, त्याचे हात लाल झाले.

त्याच दिवशी पाटलांचा टकरीचा एडका सकाळपासून दिसत नव्हता. मागच्याच आठवड्यात त्याने नागोशेटच्या तुरीत तोंड घातले होते आणि "याचा एकदा निकालच लावतो," असे नागोशेट भर बाजारात ओरडला होता. शोधत शोधत पाटील चार माणसांसह त्याच्या परसदारी आले.

"शेट, जरा कडी काढा."

"का? कुणी पाठवलं तुम्हाला?"

झाले. माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि दार ढकलले. जुनी कडी निखळली. समोर लाल पाणी, लाल अंगरखा आणि लाल हातांचा नागोशेट.

"हे काय?" पाटलांनी विचारले.

"हळद आहे."

"हळद पिवळी असते, शेट."

"आईशप्पत, हळदच आहे!"

"मग कडी कशाला घातली होती?"

नागोशेटने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. खरे सांगत असूनही कुणालाच ते पटत नव्हते. अशी वेळ त्याच्यावर आजवर कधी आली नव्हती.

त्याची बायको मात्र थांबली नाही. ती धावत घाटावर गेली आणि कोंडाबाईला घेऊन आली. कोंडाबाईने डागाला बोट लावले, वास घेतला.

"हळदच आहे. वर चुना पडलाय."

"कशावरून?" पाटील म्हणाले.

तिने एक लिंबू मागून घेतले आणि डागावर पिळले. जिथे रस पडला तिथे लाल रंग उतरला आणि खालून पिवळी हळद वर आली. माणसे वाकून पाहू लागली.

"रक्ताचं असं होत नाही, पाटील."

तेवढ्यात गल्लीतून हाक आली. एडका कुंभाराच्या मातीच्या खड्ड्यात अडकलेला सापडला होता. मंडळी तिकडे पळाली.

परसात तिघेच उरले. नागोशेट हळू आवाजात म्हणाला, "मी तुझं ऐकलं नाही. उलट तूच कपटी आहेस असं समजलो. तरी माझी बाजू का घेतलीस?"

"बाजू कुठं घेतली? डाग हळदीचा होता, म्हणून हळदीचा म्हटलं."

नागोशेटने तिला हात जोडले.

त्या लाल हातांकडे पाहून कोंडाबाईला हसू आले. उरलेले अर्धे लिंबू तिने त्याच्यापुढे धरले.

"घ्या शेटजी, हातांनाही चोळा."

तात्पर्य: सरळ सांगितलेल्या गोष्टीतही जो कपट शोधतो, त्याच्यावर एक दिवस स्वतःचे खरेपण दुसऱ्याच्या तोंडून पटवून देण्याची वेळ येते.