साहेबांचा पहिला घोट

विषय : डोंगराळ भागातील दवाखान्यांच्या नोंदी त्या त्या दवाखान्यातील संगणकावरच ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.

अर्ज इंजिनिअर मृण्मयी तोरसकर हिचा. इंटरनेटची लाइन गेली की मुख्यालयाचा सर्व्हर मिळत नाही, नोंदी उघडत नाहीत आणि रुग्ण औषधाविना परततो, हे तिचं दुखणं. बैठकीत संचालक घारपुरेसाहेब म्हणाले, "मेंदू एकच असावा, बाई. तो मुख्यालयात आहे." एवढं बोलून ते फोन घ्यायला बाहेर गेले.

चहा आला, पण कपाला कुणी हात लावेना. मृण्मयी गोंधळली. चहात काही पडलंय, की कुणी वारलंय? शेवटी शेजारचे हेडक्लार्क कुजबुजले, "मॅडम, पहिला घोट साहेबांचा. इथली रीतच आहे."

अर्ध्या तासाने साहेब परतले. चहावर साय धरलेली पाहून गरजले, "अरे, कुणीच कसा घेतला नाही?"

"कसा घेणार, साहेब?" मृण्मयी म्हणाली. "कप प्रत्येकापुढे भरलेला होता, तलफही होती. पण सर्व्हर फोनवर होता."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. साहेब मात्र मोठ्याने हसले आणि म्हणाले, "मंजूर!"

अर्ज सध्या सहीसाठी प्रलंबित आहे. सहीचा अधिकार फक्त साहेबांना आहे, आणि साहेब दौऱ्यावर आहेत.