येसाक्काने उघडलेला घण

फार वर्षांपूर्वी, घणेवाडीच्या ओढ्याला बारमाही पाणी होतं तेव्हाची ही गोष्ट. वाडी लोहारांची. विळे-कोयते घडवावेत, बाजारी विकावेत आणि सुखाने खावं. पण शहरातल्या कारखान्याचे स्वस्त विळे आले आणि वाडीतले भाते एकेक करून थंडावले.

तेव्हा वाडीने पदरमोड करून ओढ्याच्या पाण्यावर चालणारा मोठा यंत्राचा घण आणला. लांबचा कारागीर तो बसवून गेला. लोहाराला अवजार म्हणजे देव. घणाला हार घातला, नारळ फोडला, पण आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही. महिन्याभरात घण बंद पडला. कारागिराचा पत्ता नाही. मग नवस झाले, बकरं कापलं. मटण माणसांनीच खाल्लं, घण काही हलला नाही.

दसरा झाला की वाडी सोडायची, असं ठरलं. येसाक्का लोहारणीला ते पटेना. तिचा नवरा याच मातीत गेला होता. ऐरण आणि पोरं घेऊन ती जाणार तरी कुठे? खंडेनवमीच्या सकाळी तिने घणाचा हार उतरवला आणि झाकणाच्या खिळी काढायला घेतल्या. वाडीचा वडीलधारा केरबा धावत आला.

"येसे, देवाच्या पोटात हात घालतीस?"

"मामा, पोरांच्या पोटात कायबी न्हाई," येसाक्का म्हणाली. "ह्येच्या पोटात काय हाय, त्ये तरी बघू द्या."

तिने एकेक भाग काढून अंगणात मांडला. असं म्हणतात, अंगणभर मांडलेले भाग पुन्हा जागच्या जागी बसेपर्यंत सूर्य डोंगरावर खोळंबून राहिला. आतली एक कळ तुटली होती. आपलाच विळा तापवून तिने नवी घडवली. घणाचा पहिला ठोका पडला तेव्हा तीन खोरी दुमदुमली, असं म्हणतात.

येसाक्का तिथे थांबली नाही. घरटी एकेकाला बोलावून तिने तोच घण पुन्हा उघडायला लावला. आतलं कळल्यावर लोहारांची भीड चेपली. भाताच्या विळ्याला एका तऱ्हेचा ठोका, गवताच्या विळ्याला दुसऱ्या तऱ्हेचा, असा त्यांनी घण आपल्या कामाला जुळवून घेतला. कारखान्याचे विळे सगळे एका साच्याचे. घणेवाडीचा विळा दिसला की पीक आपणहून मान झुकवायचं, असं म्हणतात. गेलेलं गिऱ्हाईक परत आलं आणि कुणी वाडी सोडली नाही.

पुढे येसाक्का गेली, ओढा आटला, घण विजेवर आला. पण आजही खंडेनवमीला उघडल्याशिवाय घणेवाडीत यंत्राला हळदकुंकू लागत नाही, आणि पहिली खीळ काढायचा मान वाडीतल्या सर्वात नव्या सुनेचा. परवा कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं. त्यावर लिहिलं होतं, 'उघडू नये.' वाडीने त्या अक्षरांवर झेंडूचं फूल ठेवलं आणि नव्या सुनेच्या हातात पाना दिला.